हिशेबाचा महिना आणि एक नवा प्रश्न : आपला पैसा कुठे राबतो?

रमजानचा दुसरा अशरा, म्हणजे मधले दहा दिवस सुरू झाले की मुस्लिम घरांमध्ये एक वेगळी लगबग दिसू लागते. सहेरी, इफ्तार आणि तरावीह आता सर्वधर्मीय वाचकांच्या परिचयाचे झाले आहेत. पण याच दिवसांत इफ्तारनंतर निवांत झाल्यावर वही काढून बसणारी माणसेही असतात. घरात सोने किती, बँकेत रक्कम किती, दुकानात माल किती, कोणाकडून येणे आहे आणि कोणाला देणे आहे, याचा ताळा या महिन्यात लावला जातो. हा जकातीचा हिशेब.

जकात हे इस्लामच्या पाच मूलभूत स्तंभांपैकी एक. साडेसात तोळे सोने (८७.४८ ग्रॅम) किंवा साडेबावन्न तोळे चांदी (६१२.३६ ग्रॅम) यांच्या किमतीइतकी संपत्ती ज्याच्याकडे आहे आणि तिला एक चांद्रवर्ष पूर्ण झाले आहे, त्याने तिचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, गरजूंना द्यायचा. लाखामागे अडीच हजार रुपये. ही दया नसून घेणाऱ्याचा हक्क मानला जातो.

आपल्याकडे जुन्या मंडळींना ‘जकात’ म्हटले की गावाबाहेरचा जकात नाका आठवतो. शब्द तोच. मराठीने पैशाच्या व्यवहारातले कितीतरी शब्द अरबी-फारसीतून घेऊन आपलेसे केले : हिशेब, नफा, कर्ज, वसूल, मालक. त्यातला मला सर्वांत आवडणारा शब्द ‘अनामत’. मूळ शब्द अमानत, म्हणजे विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू. संपत्तीचा खरा मालक अल्लाह आणि माणूस तिचा विश्वस्त, ही इस्लामची धारणा या एका शब्दात मावते. धनिकांनी स्वतःला विश्वस्त समजावे हा गांधीजींचा विचारही याच वाटेवरचा आहे.

जकातीच्या हिशेबात दोन प्रश्न ओघाने येतात. माझ्याकडे किती आहे? ते कुठून आले, म्हणजे कमाई हलाल आहे का? परंतु आज बरीचशी बचत शेअर, म्युच्युअल फंड, भविष्यनिर्वाह निधी आणि विमा यांत असते. तेव्हा तिसराही प्रश्न विचारायला हवा. आपण झोपलेलो असताना, नमाज पढत असताना किंवा देवळात आरती करत असताना आपला पैसा कुठे राबत असतो? कोणाच्या नदीत रंग सोडत असतो? कोणाच्या मजुरीत काटछाट करत असतो?

हा प्रश्न केवळ मुसलमानांचा नाही. जगाच्या शेअर बाजारात त्याला आता एक नाव मिळाले आहे : ईएसजी.

तीन अक्षरांचा अर्थ

ई म्हणजे पर्यावरण, एस म्हणजे समाज आणि जी म्हणजे कारभार. एखाद्या कंपनीत पैसे गुंतवताना नफा-तोट्यासोबत या तीन गोष्टीही तपासायच्या. कंपनी पाणी, हवा आणि जमिनीचे काय करते? कामगार, ग्राहक आणि शेजारच्या वस्तीशी कशी वागते? तिचे संचालक मंडळ, लेखापरीक्षण आणि हिशेब चोख आहेत का? ही संज्ञा रूढ झाली ती २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निघालेल्या एका अहवालातून. २००६ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात जबाबदार गुंतवणुकीची तत्त्वे जाहीर झाली आणि मोठमोठ्या गुंतवणूक संस्थांनी त्यावर सह्या केल्या.

नाव नवे असले तरी विचार जुना आहे, आणि तो धर्माच्या अंगणातून आलेला आहे. अमेरिकेतल्या क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापारातून अंग काढून घेतले. शेजाऱ्याच्या आरोग्याला इजा करून पैसा कमावू नका, असे मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली त्याच शतकात सांगत होते. १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या काळात दोन मेथडिस्ट धर्मगुरूंनी अमेरिकेत ‘पॅक्स वर्ल्ड’ नावाचा फंड काढला. युद्धसामग्री बनवणाऱ्या कंपन्यांत पैसा घालायचा नाही, हे त्याचे सूत्र. आपल्याकडे जैन कुटुंबे हिंसेशी संबंधित धंद्यांपासून पूर्वापार दूर राहतात. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी दारूच्या दुकानात भागीदारी करत नाही. यातल्या कोणी ईएसजी हा शब्द ऐकला नव्हता, पण पैसा लावताना मर्यादा पाळायची हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

इस्लामी गुंतवणुकीच्या नियमांना शेअर बाजारात आकडेवारीचे रूप मिळाले ते १९९९ मध्ये, डाऊ जोन्सच्या इस्लामी निर्देशांकामुळे. भारतात २००८ मध्ये निफ्टीचा शरिया निर्देशांक आला. २०१० च्या डिसेंबरात मुंबई शेअर बाजारानेही ५० कंपन्यांचा शरिया निर्देशांक सुरू केला. टाटा एथिकल, टॉरस एथिकल हे म्युच्युअल फंड आणि निप्पॉन इंडियाचा शरिया बीज हा निर्देशांकावर चालणारा फंड याच नियमांनी चालतात. त्यांत कोणत्याही धर्माचा माणूस पैसे घालू शकतो.

शरियतची चाळणी कशी चालते?

पहिली चाळणी धंद्याची. दारू, डुकराचे मांस, तंबाखू, जुगार, अश्लील करमणूक आणि व्याजावर चालणाऱ्या बँका व विमा कंपन्या बाहेर राहतात. दुसरी चाळणी ताळेबंदाची. कंपनीचा धंदा हलाल असला तरी ती कर्जात बुडालेली नसावी. काही निर्देशांक व्याजी कर्जाला साधारण एक तृतीयांशाची मर्यादा घालतात, काही २५ टक्क्यांची. मुदत ठेवीवरचे व्याज वगैरे निषिद्ध उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या साधारण तीन ते पाच टक्क्यांच्या आत असावे लागते.

तिसरी पायरी शुद्धीकरणाची. समजा, एखाद्या कंपनीच्या उत्पन्नात दोन टक्के व्याज मिसळलेले आहे आणि तिच्याकडून आपल्याला हजार रुपये लाभांश मिळाला. त्यातले वीस रुपये वेगळे काढून गरजूला द्यायचे. ते देताना सवाबची, म्हणजे पुण्याची, अपेक्षा ठेवायची नाही आणि ती रक्कम जकातीतही धरायची नाही. वीस रुपये ही क्षुल्लक रक्कम वाटेल. पण आपल्या नफ्यात काय मिसळले आहे हे दरवर्षी तपासण्याची सवय त्यामुळे लागते.

या चाळणीचा व्यवहारातही परिणाम दिसतो. २००८ च्या मंदीत बँकांचे शेअर गडगडले, तेव्हा शरिया निर्देशांकांत बँकाच नव्हत्या. उलट बँकांचे शेअर जोरात धावतात तेव्हा हे निर्देशांक मागे राहतात. जास्त नफ्याची हमी यात कुठेही नाही. हे आधी समजून घेतलेले बरे.

दोन चाळण्या, दोन निकाल

हलाल असेल ते पर्यावरणाला पोषक असणारच, असे अनेकांना वाटते. पर्यावरणपूरक असेल ते सगळ्याच बाबतीत स्वच्छ, असेही काही जण धरून चालतात. वस्तुस्थिती तशी नाही. तीन उदाहरणे पाहू.

आयटीसी कंपनी सिगारेट बनवते, म्हणून शरियतच्या चाळणीत ती अडकते. पण पाणी साठवण, वनीकरण आणि कचऱ्याचा पुनर्वापर यांतल्या कामामुळे एमएससीआय या जागतिक संस्थेने तिला ईएसजीसाठी काही वर्षे सलग ‘डबल ए’ दर्जा दिला. झाडे लावणारी कंपनी फुप्फुसांचे नुकसान करणारी वस्तूही विकते. गुण कशाला द्यायचे?

दुसरे उदाहरण सौदी अरेबियाच्या अरामकोचे. खनिज तेल विकणे शरियतमध्ये निषिद्ध नाही, त्यामुळे तेल कंपनी धंद्याच्या चाळणीतून सहज जाते. परंतु पृथ्वीचे तापमान वाढवणाऱ्या वायूंचा विचार केला, तर याच धंद्याकडे पहिले बोट जाते.

तिसरे उदाहरण इंदूरचे. २०२३ च्या फेब्रुवारीत इंदूर महापालिकेने २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे सर्वसामान्यांसाठी आणले. नर्मदेचे पाणी शहरापर्यंत उपसून आणण्यासाठी महापालिकेला प्रचंड वीजबिल भरावे लागते. ते वाचवण्यासाठी ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प, हा त्यामागचा उद्देश. पाण्यासाठी दिवस मोजणाऱ्या आपल्या सोलापूरकरांना त्याचे मोल सांगायला नको. पण रोख्यांवर ८.२५ टक्के व्याज होते, त्यामुळे व्याज टाळणाऱ्या मुसलमानाला त्यात सहभागी होणे अवघड.

ही कोंडी फोडण्याचा एक मार्ग इंडोनेशियाने दाखवला. २०१८ च्या मार्चमध्ये त्या देशाने सव्वाशे कोटी डॉलरचे ‘हरित सुकूक’ काढले. सुकूकमध्ये व्याजाऐवजी मालमत्तेच्या भाड्यातला वा उत्पन्नातला वाटा मिळतो, आणि तो पैसा पर्यावरणाच्या कामांसाठीच राखून ठेवला होता. एखाद्या देशाच्या सरकारने काढलेले हे पहिलेच हरित सुकूक.

माझ्या मते या दोन चाळण्यांनी एकमेकींकडून शिकावे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया न घालवण्याची शिकवण दिली. कुरणांना (चराईची राने) आणि झाडांना संरक्षण देणारी ‘हिमा’ ही पद्धत अरबस्तानात होती आणि प्रेषितांनी तिला सर्वांच्या हिताचे रूप दिले. मग पाण्यात विष सोडणारा कारखाना केवळ कर्ज कमी आहे म्हणून आपल्या यादीत कसा बसतो, हा प्रश्न मुसलमान गुंतवणूकदाराने स्वतःला विचारायला हवा. आणि ईएसजीवाल्यांनी कर्जाच्या मर्यादेचा धडा शरियतकडून घ्यायला हरकत नाही.

वगळणे सोपे, जोखणे कठीण

वाईट धंदे वगळणे हा ईएसजीचा फक्त एक भाग. दुसरा भाग अधिक कसाचा आहे : उरलेल्या कंपन्यांची किंमत ठरवतानाच या गोष्टी हिशेबात धरणे.

समजा, कापड रंगवणाऱ्या दोन कंपन्या आहेत. पहिली वर्षाला १२ कोटी कमावते, कारण ती सांडपाणी तसेच ओढ्यात सोडते. दुसरी १० कोटी कमावते, कारण तिने शुद्धीकरण यंत्रणा बसवली आहे आणि ती चालवण्याचा खर्च तिला येतो. कागदावर पहिली सरस दिसते. पण प्रशासनाने चार महिने टाळे ठोकले, तर तिची कमाई आठ कोटींवर येईल. वर बँकेचे हप्ते, कामगारांचे पगार आणि निघून गेलेले ग्राहक वेगळेच. टाळे लागण्याची ही शक्यता गुंतवणूकदाराने आधीच मोजली, तर दुसरी कंपनी अधिक मोलाची ठरते.

हे कल्पनेतले उदाहरण तमिळनाडूतल्या तिरुप्पूरने प्रत्यक्ष भोगले आहे. बनियन आणि टी-शर्टसाठी जगभर माल पाठवणारे हे शहर. तिथल्या रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्याने नोय्यल नदीची वाट लावली आणि खालच्या गावांतली शेती नासली. शेतकरी न्यायालयात गेले. २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने सातशेहून अधिक रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, या अटीवर कारखाने पुढे हळूहळू सुरू झाले. दरम्यान कित्येक कामगारांनी गाव सोडले आणि मालकांच्या मागण्या दुसरीकडे गेल्या. नदीचा जो खर्च वर्षानुवर्षे कोणाच्याच ताळेबंदात नव्हता, तो एका आदेशाने सगळ्यांच्या ताळेबंदात उतरला. चादर आणि टॉवेलवर ज्यांची चूल पेटते, त्या आपल्या शहराने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

मजुराचा वाटा

रोजा उपाशी माणसाची भूक कळावी म्हणून असतो, असे आपण नेहमी म्हणतो. मग मजुराची मजुरी वेळेवर द्यावी, ही प्रेषितांची शिकवण गुंतवणुकीत कुठे जाते?

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे मेली. त्यात बहुतेक शिवणकाम करणाऱ्या मुली होत्या. भिंतींना तडे गेल्याचे आदल्या दिवशीच दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने बंद ठेवली गेली. कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र कामावर बोलावले. तिथे शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेतल्या नामांकित दुकानांत जात होते, आणि त्या दुकानांचे शेअर निवृत्त शिक्षकांच्या पेन्शन फंडांत होते. शिक्षकाला यातले काहीच ठाऊक नव्हते.

पुढे जे घडले ते महत्त्वाचे. न्यूयॉर्कमध्ये आयसीसीआर नावाची संस्था आहे. १९७१ पासून चर्चसंस्था शेअरधारक म्हणून कंपन्यांना जाब विचारत आल्या, त्यातून ती उभी राहिली. तिच्या नावातच ‘सर्वधर्मीय’ असा शब्द आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट असताना जनरल मोटर्सने तिथून बाहेर पडावे, असा ठराव एका चर्चने भागधारकांच्या सभेत मांडला, तिथून या चळवळीची सुरुवात झाली. राणा प्लाझानंतर याच संस्थेने शेकडो गुंतवणूक संस्थांना एकत्र आणले आणि कपडे कंपन्यांवर दबाव टाकला. बांगलादेशातल्या कारखान्यांच्या तपासणीसाठी कामगार संघटना आणि कंपन्या यांच्यात कायदेशीर बंधन असलेला करार झाला, त्यावर दोनशेहून अधिक कंपन्यांनी सह्या केल्या. शेअर विकून निघून जाण्यापेक्षा शेअर हातात ठेवून प्रश्न विचारणे कधी कधी अधिक उपयोगी पडते, हे त्यातून दिसले.

भारतातही आता म्युच्युअल फंडांना कंपन्यांच्या ठरावांवर मतदान करणे बंधनकारक आहे. कोणत्या ठरावावर काय मत दिले हे त्यांना जाहीर करावे लागते. आपल्या फंडाच्या संकेतस्थळावर ती माहिती असते. आपल्या दोन हजार रुपयांच्या मासिक हप्त्यामागेही मताचा एक छोटासा तुकडा असतो.

विडीच्या पाटीवरचा प्रश्न

सोलापुरात बसून तंबाखूवर लिहिणे सोपे नाही. पूर्व भागात हजारो महिला सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. त्यांत पद्मशाली आहेत, मुस्लिम आहेत, दलित आहेत. कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, ती याच कष्टावर. त्या कमाईतून मुलांची शिक्षणे झाली, लग्ने झाली. दुसरीकडे तंबाखूच्या धुळीने खोकणारी बाईही त्याच घरात असते.

शरियतची चाळणी तंबाखूला बाहेर काढते. नॉर्वेचा प्रचंड मोठा सरकारी निधीही तंबाखू उत्पादक कंपन्यांत पैसा घालत नाही. हे योग्यच आहे. पण शहाणी गुंतवणूक तिथे थांबत नाही. जो पैसा विडीतून बाहेर काढला, तो त्या बाईला दुसरे काम देणाऱ्या उद्योगात गेला पाहिजे. तसे झाले नाही, तर वगळणाऱ्याचे मन स्वच्छ राहते आणि वगळली जाणारी उपाशी राहते. ईएसजीतल्या ‘एस’चा, समाजाचा, खरा कस इथे लागतो. जकातीचे पैसेही शिवणयंत्र, प्रशिक्षण किंवा छोट्या दुकानासाठी दिले, तर घेणारी बाई पुढच्या रमजानपर्यंत स्वतःच्या पायावर उभी राहू शकते.

पाटी हलाल, कारभार हराम

आता सर्वांत दुखऱ्या भागाकडे येऊ. व्याज टाळायचे म्हणून अनेक मुस्लिम कुटुंबे बँकेतल्या ठेवीपासून दूर राहतात. पैसा सोन्यात, भिशीत किंवा घरात पडून राहतो. शेअर बाजार म्हणजे जुगार असाही समज असतो. अशा वेळी कोणी दाढीवाला, गोड बोलणारा माणूस ‘हलाल नफा’ घेऊन दारात आला की विश्वास बसतो.

बेंगळुरूच्या आय मॉनेटरी ॲडव्हायझरी, म्हणजे आयएमए, या कंपनीने तेच केले. सोन्याचा व्यापार आणि भागीदारीतला हलाल नफा अशी जाहिरात, आणि दरमहा दोन-तीन टक्क्यांच्या घरात परतावा. २०१९ च्या रमजान ईदनंतर आठवडाभरातच कंपनीची दारे बंद झाली आणि प्रमुख देशाबाहेर गेला. पुढे त्याला अटक झाली, केंद्रीय यंत्रणांनी तपास केला. तोपर्यंत विधवांचे, रिक्षाचालकांचे, हजच्या तयारीसाठी साठवलेले पैसे बुडाले होते.

त्याच वर्षी २३ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर, म्हणजे पीएमसीवर, निर्बंध आणले. सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येत होते. एकाच बांधकाम समूहाला दिलेले अवाढव्य कर्ज २१ हजारांहून अधिक बनावट खात्यांआड लपवले होते. तिथे ठेवीदार हिंदू, शीख, ख्रिस्ती, मुसलमान असे सगळेच होते. त्यानंतर २०२० मध्ये बँक ठेवींचे विमा संरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेले.

आणि सत्यम? २००८ च्या सप्टेंबरात या हैदराबादच्या कंपनीला उत्तम कारभाराचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनीच पत्र लिहून कबूल केले की, बँकेत दाखवलेले सुमारे पाच हजार कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत.

हिरव्या पाटीचीही हीच गत. २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगन ही जर्मन कंपनी डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकात मोटार उद्योगात पहिली ठरली. त्याच महिन्यात उघड झाले की, जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत तिने प्रदूषण चाचणीला फसवणारी प्रणाली बसवली होती. २०२३ मध्ये डीडब्ल्यूएस या गुंतवणूक कंपनीला ईएसजीबद्दल दिशाभूल केल्याप्रकरणी अमेरिकेत १.९ कोटी डॉलर दंड भरावा लागला.

‘हलाल’ असो की ‘हरित’, पाटी रंगवायला फारसा खर्च येत नाही. म्हणून मी तर म्हणेन, छोट्या बचतदाराने ईएसजीतली अक्षरे उलट्या क्रमाने वाचावीत. आधी कारभार पाहावा, मग बाकीचे.

कायदा काय सांगतो, आपण काय पाहायचे?

सेबीने २०१२ मध्ये पहिल्या १०० नोंदणीकृत कंपन्यांना सामाजिक जबाबदारीचा अहवाल देणे बंधनकारक केले. २०२१ मध्ये त्याचे नवे, अधिक तपशीलवार रूप आले. बीआरएसआर नावाचा हा अहवाल २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांना सक्तीचा झाला. पाणी आणि वीज किती वापरली, कचरा किती झाला, कामगारांचे अपघात किती, महिला किती, तक्रारी किती, हे सगळे त्यात असते. जुलै २०२३ मध्ये यातल्या निवडक बाबींची त्रयस्थ पडताळणी टप्प्याटप्प्याने आणण्याचे ठरले. ईएसजी नाव लावणाऱ्या फंडाने किमान ८० टक्के रक्कम आपल्या जाहीर केलेल्या धोरणानुसारच गुंतवावी, असाही नियम आला.

यातून सामान्य माणसाने घ्यायचे ते इतकेच. पैसे मागणारी संस्था सेबी किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का, हे आधी पाहावे. ठरावीक, भरघोस परताव्याचे आश्वासन मिळाले तर तिथूनच परत फिरावे, कारण खऱ्या भागीदारीत नफ्यासोबत तोट्याचाही वाटा असतो. हाच तर इस्लामी व्यवहाराचा पाया आहे. फंडाच्या पहिल्या दहा कंपन्यांची यादी दर महिन्याला जाहीर होते, ती वाचावी. त्यातल्या एका कंपनीचा तरी बीआरएसआर अहवाल घरातल्या कॉलेजच्या मुला-मुलीला उघडून वाचायला सांगावा. आणि सगळी बचत एकाच टोपलीत ठेवू नये, मग ती टोपली कितीही पवित्र वाटो.

शेअरवरच्या जकातीबद्दल वाचक विचारतात, म्हणून थोडक्यात. खरेदी-विक्रीसाठी घेतलेल्या शेअरच्या पूर्ण बाजारभावावर जकात धरतात. वर्षानुवर्षे ठेवण्यासाठी घेतले असतील, तर कंपनीची रोकड, माल आणि येणी यांतला आपला वाटा धरावा, असे अनेक उलेमांचे मत आहे. हा हिशेब जमत नसेल तर पूर्ण किमतीवर देणारेही पुष्कळ आहेत. आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारून ठरवावे.

शेवटच्या अशऱ्यात मशिदींमध्ये दुवा लांबत जाते. आपण बरकत मागतो. बरकत म्हणजे आकड्याची वाढ असा अर्थ अनेक जण घेतात. त्यापलीकडचा अर्थ असा की, जे आहे त्यात समाधान आणि सर्वांचे भले असावे. यंदा जकातीची वही उघडाल तेव्हा सोने, रोकड आणि माल यांच्या रकान्यांखाली आणखी एक रकाना आखा : हा पैसा गेले वर्षभर कुठे राबला? आणि ज्यांच्या घरी जकातीची वही नाही, त्यांना मार्चअखेरचा हिशेब असतोच. त्या वहीतही या एका रकान्यापुरती जागा निघेल.